पाणी मिळणार नाही

कुणाचाही आवाज उचलायला मला साधारण दहा मिनिटं लागतात. दिग्रसला सातवीत असताना मी हेडसरांचा आवाज एका पिरियडात उचलला आणि त्याच आवाजात दाराआडून अख्ख्या वर्गाला सुट्टी दिली. वर्ग घरी गेला, मी हेडसरांच्या ऑफिसात. पुण्यात आल्यावर टीम लीडर, घरमालक, पीएमटीचा कंडक्टर, सगळे आठवड्याभरात घशात येऊन बसले. पण मेहरूनआपांचा आवाज काही जमेना. दीड वर्ष लागलं. आणि जमला तोवर तो जुना झाला होता. ते कसं, ते सांगतो.

मेहरुन्निसा बागवान. बुधवार पेठेत दगडूशेठच्या रांगेला वळसा घालून आत शिरलं की इलेक्ट्रॉनिक्सची गल्ली लागते, तिथे एका तीन मजली मार्केटात तळमजल्यावर त्यांचं दुकान. अॅम्प्लिफायर, माइक, स्पीकर, जे काही ओरडतं ते सगळं त्या दुरुस्त करतात. दुकान एवढं की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने श्वास बाहेर सोडून यायचं. मधोमध स्टुलावर आपा. पन्नाशीच्या पुढच्या. डोक्यावर ओढणी, नाकावर चष्मा, चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिथे लाल वायर गुंडाळलेली. जगाच्या वस्तू दुरुस्त करतात, पण स्वतःच्या चष्म्याला तारीख पे तारीख.

मी पहिल्यांदा गेलो ते माझा ट्रॉली स्पीकर ओढत. नोकरी येरवड्याला, लोकांच्या इंटरनेटच्या तक्रारी ऐकायची. (येरवड्याला राहतो म्हटल्यावर आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, "काऊन बाप्पा, काय केलंस तू?") पण शनिवार-रविवार मी मिमिक्रीचे शो करायचो आणि शनिवार दोन दिवसांवर आला होता.

"मेकॅनिक आहेत का?" मी विचारलं.

मान वर न करता उत्तर आलं, "एकच आहे. तो तुमच्याशी बोलतोय."

"नाही म्हणजे... स्पीकरचा आवाज बरोबर येत नाहीये."

"कसा येतो? काढून दाखवा."

मी बटण दाबायला वाकलो.

"अहो, त्याला कशाला त्रास देताय? तोंडाने काढा."

मला वाटलं ही बाई माझी मजा घेतेय. पण शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं तर तो अगदी सहज मान हलवत होता, की हो, काढा, इथे असंच असतं. मग मी पण मोठा श्वास घेतला आणि माझ्या स्पीकरची हुबेहूब नक्कल केली. "हॅर्रर्रलो... हॅर्रर्रलो पुर्रर्रणे..."

आपांनी सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली. डोळे मिटले. "पुन्हा."

मी पुन्हा काढला.

"खालच्या सुराला जास्त फाटतो ना?"

"हो!"

"आतल्या कागदाची कड सुटलीये. उद्या चारला या."

"उघडून पाहून तं घ्या ना आपा."

"काय उघडायचंय? इतकं स्वच्छ रडून दाखवलंत तुम्ही. लोकांना रडताही येत नाही हो नीट."

त्यांची ही पद्धतच होती. गिऱ्हाइकाला बिघाडाचा आवाज काढायला लावायचा. त्या दुकानात मी काय काय ऐकलंय म्हणून सांगू! झुपकेदार मिशांचे एक मंडळाध्यक्ष, मागे चार कार्यकर्ते, आणि भर दुपारी साहेब ओठांचा चंबू करून "कुंईईई, कुंईईई". भजनी मंडळाच्या एक आजी, "खर्र टक्, खर्र टक्". एका नवरा-बायकोचं तर एकमत होईना. तो म्हणे भूं भूं, ती म्हणे घूं घूं. आपा शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही दोघं बाहेर ठरवून या."

त्यांचं म्हणणं एवढंच असायचं, "आधी ऐका." काम होईल असं त्या कधीच म्हणायच्या नाहीत, फक्त "बघते". आणि दुरुस्ती झाली की काढलेला जुना पार्ट कागदाच्या पुडीत बांधून परत द्यायच्या. "तुमचा आहे, न्या." लोक ती पुडी अंगारा असल्यासारखी हातात धरून जायचे.

तर त्या पहिल्या दिवशी. एप्रिल महिना, स्पीकर ओढून माझा घसा वाळलेला. मी म्हटलं, "आपा, जरा पाणी मिळेल?"

त्यांनी सोल्डरिंग गनने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. बोट म्हणजे गनच.

‘इथे फक्त दुरुस्ती होते. गप्पा, सल्ला आणि पाणी मिळणार नाही.’

मला इतका आनंद झाला! अहो, दिग्रसहून आलेल्या मिमिक्रीवाल्याला पुण्यात अजून काय पाहिजे? पाण्याला नाही म्हणणारी पाटी! आमच्याकडे दारात अनोळखी माणूस आला तरी आधी तांब्या पुढे येतो, मग नाव विचारतात. मी शनिवारीच तो आयटम स्टेजवर टाकला. आपांची कोरडी, खरखरीत, शब्द तोडून तोडून टाकायची पद्धत, गनने पाटी दाखवणं, आणि मी तहानेने लोळतोय. हॉल हसून हसून पडला. आवाज काही खास जमला नव्हता, पण हशा जमला. व्हिडिओ चालला. मी खूश.

यानंतर मी अधूनमधून दुकानात जायला लागलो. काम नसलं तरी. त्या मला बसा म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. पुण्यात याला घरोबा म्हणतात.

दुकानात अजून एक जण होती. पूजा. येरवड्याचीच, आयटीआय करून आलेली, बावीस वर्षांची. या गल्लीत नऊ दुकानांनी तिला नको म्हटलं होतं, "मुली टिकत नाहीत" म्हणून. आपांनी तिला विचारलं, "जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास कसा येतो?" ती म्हणाली, "करपलेल्या गुळासारखा." झाली नोकरी पक्की.

पूजानेच मला पडद्याची गोष्ट सांगितली. आपांचे यजमान सलीमभाई या दुकानाचे मूळ मेकॅनिक. साखरेने त्यांची नजर गेली. मग ते स्टुलावर बसून कानाने बिघाड ओळखायचे आणि आपा हाताने काम करायच्या. असं सहा वर्षं चाललं. भाई गेले, तेव्हा सगळ्यांनी सल्ला दिला, दुकान विका. आपांनी दुकानात मधोमध एक पडदा लावला. गिऱ्हाईक यायचं, "मेकॅनिक कुठाय?" आपा म्हणायच्या, "आत आहे, बिझी आहे." वस्तू घेऊन पडद्याआड जायच्या, दुरुस्त करायच्या, बाहेर येऊन म्हणायच्या, "झालं म्हणतोय." असा नसलेला मेकॅनिक त्यांनी तीन वर्षं चालवला! गल्लीत त्याचं नाव झालं. लोक म्हणायचे, बाईने माणूस काय हुशार ठेवलाय, पण जरा लाजाळू आहे. एका दिवाळीला एक माणूस त्याच्यासाठी शर्टपीस घेऊन आला. म्हणाला, त्यांच्या हातात द्यायचाय. आपांनी दोन मिनिटं विचार केला आणि पडदा ओढून काढला. मागे एक टेबल, एक स्टूल आणि एक दिवा.

"शर्टपीसचं काय झालं?" मी विचारलं.

"त्याचाच कुर्ता घालते की मी," आपा आतून म्हणाल्या. "ऐकू येतं मला."

असं सगळं मजेत चाललेलं. एक दिवस गेलो तर पूजा नाही.

"सुट्टीवर?"

"आजारी. युरीनचं इन्फेक्शन, तिसऱ्यांदा. डॉक्टरने दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलंय. आई म्हणते, एक तारखेपासून दुकानात जायचं नाही." आपा स्क्रू आवळत बोलत होत्या, आणि आवळून झालेला स्क्रू पुन्हा आवळत होत्या.

मी शहाण्यासारखा म्हटलं, "मग प्यायचं ना पाणी! त्यात काय एवढं?"

आपांनी माझ्याकडे जळालेल्या ट्रान्सफॉर्मरकडे बघावं तसं बघितलं.

"पिऊन जायचं कुठे?"

आता बघा, मी त्या मार्केटात वर्षभर येत होतो. जिन्यामागे मुतारी होती, मी पन्नास वेळा गेलो असेन. तिच्यावर ‘पुरुष’ लिहिलंय हे मला दिसायचं. पण दुसरी कुठेच नाही, हे दिसायला वर्ष लागलं.

"मंडईपलीकडे माझी मैत्रीण राहते," आपा म्हणाल्या. "जाऊन-येऊन अर्धा तास. दुकान सोडून दिवसातून किती वेळा जाणार? त्यापेक्षा सकाळी दहा ते संध्याकाळी सात, थेंब नाही. बावीस वर्षं. मुतखडा दोनदा झाला. रमजानमध्ये लोकांना माझी दया येते. मला काय, वर्षभराची सवय. फक्त त्या महिन्यात संध्याकाळी खजूर मिळतो, एवढाच फरक."

मी पाटीकडे बघितलं.

"समोर कुणी पाणी प्यायलं की मलाही प्यावंसं वाटतं," त्या म्हणाल्या. "म्हणून ठेवतच नाही." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "तुमचा तो व्हिडिओ पूजाने दाखवला मला. आवाज बराय. माहिती चुकलीये."

तिथे जमीन फाटली असती तर मी स्पीकरसकट आत गेलो असतो.

"डिलीट करतो आपा. आत्ता करतो."

"डिलीट कशाला? बिघडलं की फेकून देणारी माणसं मला आवडत नाहीत. दुरुस्त करा."

आता देवधरकाका. समोरच्या दुकानात स्टॅबिलायझर विकतात, आणि मार्केटातल्या दुकानदारांच्या मंडळाचे सेक्रेटरी. माणूस वाईट नाही. फक्त प्रत्येक गोष्टीला त्यांचं उत्तर तयार असतं, आणि ते आधीच्या वेळचंच असतं. जिन्याखाली पुरुषांच्या मुतारीला लागून एक बंद खोली होती. तिला नळ होता, मोरी होती, सगळं होतं. आत टीव्हीचे रिकामे खोके भरलेले. आपांनी त्या खोलीसाठी सात अर्ज केले होते.

मी आठवा अर्ज घेऊन त्यांच्यासोबत गेलो.

"विषय विचाराधीन आहे," काका म्हणाले. "पण व्यवहार बघा बागवान. मार्केटात बायकाच नाहीत, तर उघडायची कुणासाठी?"

"मी आहे."

"तुम्ही एकट्या."

"आता पूजा पण आहे."

"ती तर एक तारखेपासून नाही म्हणे!"

म्हणजे मुतारी नाही म्हणून बाई टिकत नाही, आणि बाई टिकत नाही म्हणून मुतारी नाही. हे वर्तुळ काकांनी कंपास न वापरता काढलं होतं.

एक तारखेला आठ दिवस राहिले होते. मी आपांना म्हटलं, "सोप्पंय. मी मोठ्या साहेबाच्या आवाजात काकांना फोन लावतो. ‘देवधर, काय लावलंय हे, उद्या तपासणीला येतोय.’ पाच मिनिटांत किल्ली तुमच्या हातात."

मी आवाज काढून पण दाखवला. काय जमला होता! आपा हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो.

मग म्हणाल्या, "नको. मी तीन वर्षं पडद्यामागे एक खोटा माणूस चालवलाय. आता जे मागायचं ते माझ्या आवाजात."

आणि दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी सुरू केलं. त्या गल्लीत दिवसभर माइक टेस्टिंग चालू असतं. हॅलो हॅलो वन टू थ्री, कुणी मान वळवूनसुद्धा बघत नाही. दुपारी बाराला आपांनी दुरुस्त झालेला भोंगा बाहेर काढला, माइक तोंडाशी धरला आणि स्टेशनवर गाडीची घोषणा करतात तशा सुरात म्हणाल्या:

"हॅलो. टेस्टिंग. मेहरुन्निसा बागवान लघवीला चाललेली आहे. मार्केटात बायकांची सोय नसल्यामुळे मंडईपलीकडे जाईल. दुकान अर्धा तास बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व. टेस्टिंग समाप्त."

शटर अर्धं ओढलं आणि चालायला लागल्या.

अख्ख्या गल्लीत एका दुकानातली टीव्हीवरची बाई तेवढी बोलत राहिली. देवधरकाका चपला न घालता बाहेर आले. "अहो बागवान! चारचौघांत! लाज वाटत नाही?"

"वाटते ना," आपा न थांबता म्हणाल्या. "बावीस वर्षं एकटीने पुरवली. आता थोडी तुम्ही घ्या."

बाराला एक, साडेतीनला एक. रोज. गिऱ्हाइकं घड्याळ लावायला लागली. काही दुकानदारांनी हसून घेतलं, काहींनी तोंडं फिरवली. एकाने तर मोठ्याने विचारलं, "आज उशीर झाला का हो?" आपा म्हणाल्या, "तुमच्या घरच्या बायकांना विचारून सांगा, त्या इथे आल्यावर कुठे जातात." पण किल्ली काही हलेना. पूजाचा फोन आला, आईने तिच्यासाठी साडीच्या दुकानात बोलणी केलीत, तिथे सोय आहे. आपा "बरं" म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला आवाज काढायला लावला नाही. मला ते जास्त लागलं.

तीस तारखेला मार्केटचा वर्धापनदिन. दरवर्षीप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर सत्यनारायण. सगळे दुकानदार घरच्यांना घेऊन येतात. बायका पैठण्या नेसून, पोरं नवीन कपड्यांत. पूजेला देवधरकाका आणि काकू. गुरुजींनी माइकवर कथा सुरू केली आणि दुसऱ्या अध्यायाला अॅम्प्लिफायरने प्राण सोडला.

गल्लीत मेकॅनिक खूप, पण सगळे सोवळं नेसून पुढे बसलेले. शेवटी सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. आपा प्रसादाला आल्या होत्या, मागे माझ्या शेजारी उभ्या होत्या.

काका पाटावरूनच म्हणाले, "बागवान, जरा बघता का?"

आपा पुढे आल्या. ओढणी सारखी केली. "कसा येत होता आवाज? काढून दाखवा."

"आत्ता?"

"मला ऐकल्याशिवाय कळत नाही. तुम्हाला माहितीये."

आणि सोवळं नेसलेले, कपाळाला गंध लावलेले, मंडळाचे सेक्रेटरी श्रीयुत देवधर, गुरुजी आणि सगळ्या कुटुंबांसमोर, आधी हळू आणि मग आपांनी "पुन्हा" म्हटल्यावर जोरात म्हणाले, "भूंऽऽऽ पट्. भूंऽऽऽ पट्."

मी पोट धरून खिडकीकडे तोंड केलं.

"अर्थिंग," आपा म्हणाल्या. दहा मिनिटांत काम झालं. हे मात्र सांगितलं पाहिजे, त्या अडून बसू शकल्या असत्या. आधी किल्ली, मग पेचकस. मी असतो तर तेच केलं असतं. त्यांनी आधी काम केलं. मग माइक उचलला.

काका घाईघाईने म्हणाले, "फक्त वन टू थ्री हं!"

"हॅलो. वन. टू. थ्री." आपा थांबल्या. "चार. ज्या बायका आज सकाळपासून पोटभर पाणी प्यायल्यात, त्यांनी हात वर करा."

मागून एका काकांनी हात वर केला.

"बायकांनी," आपा म्हणाल्या. त्यांनी खाली घेतला.

तीस-चाळीस बायका होत्या. एकही हात नाही. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी हसली, मग हसायची थांबली. प्रत्येकीला वाटत होतं, आपलं आपल्यापुरतं आहे.

मग पाटावरून काकू बोलल्या. माइक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आलं. "मी दर वर्षी या दिवशी सकाळचा चहासुद्धा घेत नाही. तुम्हाला वाटतं, पूजेचा उपास असतो."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. एकतीस वर्षांचा संसार आणि ही माहिती नवीन.

काकूंनी हात पुढे केला. "किल्ली द्या."

"अगं, पूजा चाललीये..."

"पूजा थांबेल. मी नाही थांबू शकत."

किल्ली सोवळ्याच्या कनवटीलाच होती. पूजेतसुद्धा सोबत! पुढची पंधरा मिनिटं मी जन्मभर विसरणार नाही. रेशमी सोवळ्यातली माणसं जिन्यावर रांगेत उभी आणि टीव्हीचे खोके हातोहात बाहेर. गुरुजींनीसुद्धा दोन उचलले. शेवटचा खोका निघाला, आपांनी दारावरची धूळ ओढणीच्या टोकाने पुसली, आणि खालून फिकट निळ्या अक्षरात निघालं, ‘स्त्रिया’. मार्केट बांधणाऱ्याने लिहून ठेवलं होतं. बाया नाहीत म्हणून खोके भरले, खोके भरले म्हणून सगळे विसरले. कडी मोडलेली होती. ती आपांनी तिथेच बसवली. पहिला मान काकूंचा. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "गुरुजी, आता सावकाश सांगा कथा."

एक तारखेला पूजा आली. आई सोबत आली होती, आधी खोली बघून घ्यायला. आईने नळ सोडून बघितला, कडी लावून बघितली, लेकीच्या हातात दोन लिटरची बाटली दिली आणि निघून गेली.

आता त्या मार्केटात सात जणी आहेत. तिघी मोबाइल दुरुस्तीत, एक सीसीटीव्हीत, आणि देवधरकाकांच्या गल्ल्यावर त्यांची सून. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ही सोय आमच्या कारकिर्दीत झाली." आपा ऐकतात आणि म्हणतात, "खरंय. आठ अर्ज त्यांनी स्वतः वाचले." किल्ली आपांच्या दुकानात खिळ्याला असते, जुन्या रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हला बांधलेली. हरवायची नाही म्हणून.

माझा तो आयटम मी दुरुस्त केला. आता त्यात तहानेने लोळणारा मी नाही, देवधरकाका आहेत. "भूंऽऽऽ पट्." पूर्वीपेक्षा जास्त हसतात लोक, आणि शो संपल्यावर दोन-तीन बायका हमखास येऊन सांगतात, आमच्या ऑफिसात पण.

गेल्या महिन्यात माझी बदली हैदराबादला झाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात गेलो. पाटी तिथेच होती, पण ‘आणि पाणी’वर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली. गप्पा आणि सल्ला अजून मिळत नाहीत.

"आपा, तुमचा आवाज जमला शेवटी. जाताना ऐकून घ्या."

"काढा."

मी काढला. कोरडा, खरखरीत, शब्द तोडून. अगदी पहिल्या दिवशीचा. पूजा टाळ्या वाजवायला लागली. आपांनी डोळे मिटून ऐकलं, बिघाड ऐकतात तसं.

"पुन्हा."

पुन्हा काढला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण जुना आहे रे. आता घसा इतका कोरडा कुठे असतो माझा?"

मला पहिल्यांदाच ‘रे’ म्हणाल्या. आणि खरंच की, तो आवाज आता नव्हताच. खरखर गेली होती. रोज ऐकून ऐकून मला कळलंच नव्हतं. आधी ऐका म्हणतात, ते हेच असावं.

टेबलाखालून त्यांनी स्टीलची कळशी ओढली, दोन पेले भरले, एक माझ्यापुढे सरकवला. बाहेर एक माणूस मोठा स्पीकर घेऊन उभा होता, "मेकॅनिक आहेत का?" आपांनी त्याला हातानेच थांबा म्हटलं. पेला तोंडाला लावला आणि भर दुपारी दोन वाजता, सगळ्या गल्लीसमोर, शेवटच्या थेंबापर्यंत घटाघट पाणी प्यायल्या.

मी पुष्कळांचे पुष्कळ आवाज काढतो. तो एक मात्र अजून कुणापुढे काढलेला नाही.